परत आलेल्यांना वीरगळ नसतो

आपल्याकडे गावाच्या शिवेवर, पडक्या देवळाच्या आवारात, कधी पाराच्या कडेला वीरगळ उभे असतात. ऊनपावसानं नाकडोळे झिजलेले, शेंदूर फासलेले, काही अर्धे मातीत गेलेले. त्यांची मांडणी ठरलेली असते. सगळ्यात खाली झुंज: ढाल, तलवार, समोर शत्रू, कधी गाईंचा कळप, कारण गोधन सोडवताना पडलेले वीर पुष्कळ. मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला उचलून नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. खालून वर वाचत जायचा हा दगड. झुंजीची चौकट आणि अप्सरांची चौकट यांच्यामध्ये बोटभर जाडीची कोरी पट्टी असते. रणात पडलेला माणूस ती पट्टी एका क्षणात ओलांडतो. पण जो पडला नाही, जो संध्याकाळी आपल्या पायांनी छावणीत परतला, ज्याचा गुडघा पुढं तीस पावसाळे ठणकत राहिला, त्याचं सगळं उरलेलं आयुष्य त्या पट्टीत मावलेलं असतं. तिथं पाथरवटाची छिन्नी कधी लागलेली नसते.

बालाक्लाव्हाच्या स्वारांविषयी वाचताना मला दर वेळी ती कोरी पट्टी दिसते.

२५ ऑक्टोबर १८५४. क्रिमियातल्या त्या सकाळची हकिकत जगाला पाठ आहे. टेकडीवरून इंग्रज सेनापती रॅग्लनला जे दिसत होतं ते खाली घोडदळाला दिसत नव्हतं. रशियनांनी ताब्यात घेतलेल्या तोफा त्यांना हलवू देऊ नका, असा हुकूम त्यानं धाडला. तो कॅप्टन नोलननं आणला, घोडदळाच्या प्रमुख ल्यूकननं वाचला, लाईट ब्रिगेडच्या कार्डिगननं पाळला, आणि या उतरंडीत कुठंतरी तोफाच बदलल्या. उंचवट्यावरच्या तोफांऐवजी लाईट ब्रिगेड दरीच्या टोकाशी रोखून ठेवलेल्या तोफांवर गेली. दोन्ही अंगांना रशियन, समोर रशियन. सुमारे ६७० स्वार निघाले. वीसेक मिनिटांत सगळं आटोपलं. सुमारे ११० मेले, १६०च्या आसपास जखमी झाले, काही कैद झाले, आणि घोडे पावणेचारशेच्या घरात गेले. डिसेंबरात या स्वारीवरची टेनिसनची कविता छापूनही आली.

डिसेंबर १८५४ मध्ये जे जिवंत होते ते कुठं होते, हे त्या कवितेत नाही. कवितेकडे ते मागताही येत नाही. ते होते क्रिमियाच्या चिखलात. नोव्हेंबरच्या वादळानं तंबू उडवून नेले होते, रसदीची जहाजं बुडवली होती. तोफांपुढून परत आलेले घोडे त्या हिवाळ्यात चंदीवाचून मेले. भुकेनं ते एकमेकांच्या शेपट्यांचे केस खात. दरीच्या टोकापर्यंत जाऊन आलेलं जनावर दाण्यावाचून खाली बसतं आणि पुन्हा उठत नाही, हे त्याच्या स्वारानं शेजारी उभं राहून पाहायचं. त्या युद्धात इंग्रज फौजेतली गोळीनं गेलेली माणसं थोडी. हगवण, पटकी आणि तापानं गेलेली कितीतरी अधिक. स्कुटारीच्या इस्पितळात रांगाच्या रांगा पडल्या होत्या. झुंजीनंतरची चौकट अशी होती. तिथं अप्सरा नव्हत्या. होत्या त्या फ्लॉरेन्स नायटिंगेल आणि त्यांच्या मोजक्या परिचारिका, आणि त्यांच्या हाती सुरुवातीला धड स्वच्छ चादरीसुद्धा नव्हत्या.

मग तह झाला आणि माणसं घरी आली.

इथपासूनच्या गोष्टीसाठी कुणी चित्रकार घोड्यावर बसवून नेला नाही. सैन्यात ठरलेली मुदत पुरी केली तर पेन्शन. मुदतीआधी सुटका घेतली तर बहुतेकांच्या हाती काही नाही. जखमेपायी सुटलेल्याला थोडे पैसे मिळत, तेही पुष्कळदा काही काळापुरतेच. बारा-पंधरा वर्षं घोड्याच्या पाठीवर काढलेल्या माणसाला येतं काय? खरारा करता येतो, नाल बघता येते, भाला पेलता येतो. गिरण्यांच्या आणि आगगाड्यांच्या इंग्लंडमध्ये त्यातल्या कशाला हिंग लावूनही कुणी विचारत नव्हतं. काहींना पोलिसात, काहींना दारावर, गोदामात, रेल्वेत कामं मिळाली. ज्यांना मिळाली नाहीत, ज्यांचे हात म्हातारपणी थरथरू लागले, त्यांच्यासाठी वर्कहाउस होतं: सरकारी गरीबखाना. तिथं शिरताना स्वतःचे कपडे काढून तिथले घालायचे, नवरा एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला, आणि मेल्यावर परगण्याच्या खर्चानं बेवारशासारखी मूठमाती. इंग्लंडमधला गरीब मरणापेक्षा त्या दाराला अधिक भीत असे. बालाक्लाव्हाचं पदक छातीवर घेऊन त्या दारातून आत गेलेली माणसं होती. मी हे लिहितो तेव्हा माझा हात थांबतो. तोफांच्या तोंडी जाताना ज्याची मान वळली नाही त्याला त्या दारापाशी ती खाली घालावी लागली.

त्याच स्वारीतला एक घोडा होता, सर ब्रिग्ज. सतराव्या लान्सर्सच्या कॅप्टन गॉडफ्री मॉर्गनचा. तो वाचला, वेल्समध्ये मालकाच्या वाड्यावर परतला, सुखानं म्हातारा झाला आणि १८७४ मध्ये मेला. ट्रेडेगर हाउसच्या बागेत त्याची समाधी आहे, नाव कोरलेली, आजही लोक पाहायला जातात. मॉर्गनच्या प्रेमाला मी नावं ठेवणार नाही. ज्या जनावरानं त्याला त्या दरीतून परत आणलं त्याचं ऋण त्यानं फेडलं. एवढंच वाटतं, की असं ऋण फेडायला प्रत्येक घोड्यामागे एक मालक असतो. शिपायामागे देश असतो, आणि देशाला बाग नसते.

पुढच्या वर्षी, १८७५ मध्ये, स्वारीच्या स्मरणदिनी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये वाचलेल्यांचं मोठं भोजन झालं. त्याच्या पुढच्या साली लेडी बटलरचं चित्र आलं. त्यात तलवार उपसलेली झुंज नाही. टेकडीच्या कडेला परत आलेली माणसं आहेत: पायी, लंगडत, एकमेकांना धरून, आणि मधोमध एक जण कुठंच न पाहता चालत येतो. त्या चित्रकर्तीनं ती कोरी पट्टी कोरायला घेतली, असं मला वाटतं. पण तीसुद्धा त्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंतच पोचली. त्यापुढची चाळीस वर्षं कुणाच्याच कुंचल्याला लागली नाहीत.

१८९० मध्ये गोष्ट उघड्यावर आली. बालाक्लाव्हाचे स्वार उपाशी आहेत, असं वर्तमानपत्रांतून बोललं जाऊ लागलं. पार्लमेंटात प्रश्न निघाला; सरकारला काही करता येणार नाही, असं उत्तर मिळालं. एका वर्तमानपत्रानं मदतनिधी उघडला. किपलिंगनं तेव्हा एक कविता लिहिली. तिच्यात उरलेसुरले वीस म्हातारे स्वार, कपडे फाटलेले, त्याच महाकवीच्या, टेनिसनच्या दारी जातात आणि म्हणतात, महाराज, तुम्ही आमच्यावर लिहिलंत ते पुरं झालं नाही. तीन कोटी इंग्रजांनी मिळून चोवीस पौंड दिले, हा आकडा त्यानं कवितेतच घातला. किपलिंगचं साम्राज्यप्रेम मला सोसत नाही, पण या कवितेपुढं मी नमतो. टेनिसनच्या कवितेला एक चौकट कमी होती, हे त्यानं ओळखलं.

त्याच उन्हाळ्यात, निधीला हातभार म्हणून, एडिसनच्या लंडनमधल्या माणसांनी मेणाच्या नळकांड्यांवर तीन आवाज घेतले. एक टेनिसनचा, ऐंशी वर्षांच्या कवीचा, स्वतःची कविता म्हणतानाचा. दुसरा फ्लॉरेन्स नायटिंगेल यांचा. त्या सत्तरीच्या होत्या, अंथरुणाला खिळल्यासारखं आयुष्य काढत होत्या. आपण नुसतं नाव होऊन राहू तेव्हाही आपला आवाज आपल्या कामाला पुढं नेवो, असं काहीसं त्या म्हणतात आणि बालाक्लाव्हाच्या जुन्या सोबत्यांना आशीर्वाद देतात. ‘सोबती’ हा शब्द त्यांना वापरावासा वाटला, यानं मला भरून येतं. त्यांनी या माणसांची मलमपट्टी होताना पाहिली होती, मरणं पाहिली होती. त्यांच्यासाठी ही माणसं एका दिवसात संपलेली नव्हती.

आणि तिसरा आवाज मार्टिन लँडफ्रीडचा. सतराव्या लान्सर्सचा ट्रम्पीटर, रणशिंग फुंकणारा. २ ऑगस्ट १८९०, लंडनचं एडिसन हाउस. मेणाच्या खरखरीतून एक म्हातारा, जरा जपून, शब्द सुटे सुटे करत सांगतो की मी बालाक्लाव्हाच्या स्वारीतल्या हयात शिंगवाल्यांपैकी एक. हे शिंग वॉटर्लूला वाजलं होतं. त्या दिवशी जसा हल्ल्याचा इशारा वाजला तसा तो मी आता वाजवतो. मग तो वाजवतो. स्वर चढतात, जवळजवळ धावतात, आणि थांबतात. ध्वनिमुद्रण संपतं. आज कुणालाही ते ऐकता येतं.

आता त्या इशाऱ्याविषयी. हल्ल्याचं शिंग त्या दिवशी वाजलं की नाही, यावरच जाणकारांचं एकमत नाही. कार्डिगनचा ट्रम्पीटर ब्रिटन, तोही सतराव्या लान्सर्सचाच, त्या दरीत जबर जखमी झाला आणि पुढं इस्पितळात मेला. वाचलेल्यांपैकी कित्येकांनी आग्रहानं सांगितलं की चालीचे हुकूम झाले, पण हल्ल्याचं शिंग आम्ही ऐकलंच नाही. घोडे आधीच उधळले होते. म्हणजे १८९० साली निधीसाठी जो स्वर मेणात उतरला तो कदाचित त्या दरीत कधी घुमलाच नसेल. मला यात लबाडी दिसत नाही. छत्तीस वर्षं जगानं या माणसांकडे एकच मागितलं होतं, हल्ला. कवितेनं, चित्रकाराच्या गिऱ्हाइकांनी, मेजवानीच्या यजमानांनी, शेवटी दानशूरांनीही. ज्याच्याकडे जे मागावं ते तो देतो. त्याच्या स्मृतीत तो स्वर खरोखर त्या दिवशी वाजलेला असेल.

घोडदळाच्या शिंगवाल्याला कितीतरी इशारे पाठ असतात. पहाटे उठवण्याचा, पागेत जाण्याचा, घोड्यांना पाणी दाखवण्याचा, चंदी देण्याचा, खोगीर कसण्याचा, दिवे मालवण्याचा. हल्ल्याचा इशारा साऱ्या नोकरीत एखाद्या वेळी, कुणाच्या नशिबी तोही नाही. चंदीचा इशारा रोज. त्याच्या ओठांना सगळ्यात ओळखीचा तो असणार, आणि त्या सुरावर शेकडो घोडी एकदम मान वर करून खिंकाळत असणार. ते आयुष्य होतं. ते त्याच्या फुंकरीत तेव्हाही शिल्लक होतं, आणि एडिसन हाउसमध्ये कुणी ते मागितलं नाही. मेण होतं, यंत्र होतं, माणूस समोर उभा होता. मागायचं राहून गेलं याची हळहळ मला त्या पूर्ण स्वारीच्या कीर्तीपेक्षा मोठी वाटते.

एवढं सगळं एका इंग्रज शिंगवाल्यासाठी मराठीत का लिहावं, असं कुणी विचारील. विचारावंही. कारण सतरावी लान्सर्स क्रिमियाहून जी गेली ती पुढं आपल्याकडेच आली. १८५७ च्या अखेरीस ही रेजिमेंट मुंबई बंदरात उतरली आणि खडकीच्या छावणीत राहिली. टोपीवर कवटीचं चिन्ह असलेले हे भालाईत खडकीच्या माळावर कवायत करत होते तेव्हा पेशवाई बुडून चाळीस वर्षं झाली होती. शेजारच्या पुण्यात तिच्या शेवटच्या दिवसांची आठवण असलेली म्हातारी माणसं जिवंत होती. १८५८ च्या उत्तरार्धात रेजिमेंटचे स्वार माळव्यात गेले, ते तात्या टोप्यांच्या पाठलागावर. बालाक्लाव्हाला वाचलेले काही जण त्यांच्यात होते. त्याच पाठलागात याच रेजिमेंटच्या एव्हलिन वुडला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढं तो फील्ड मार्शल झाला.

तात्या येवल्याचे. रामचंद्र पांडुरंग येवलेकर. ग्वाल्हेर पडल्यापासून दहा महिने त्यांनी इंग्रजांच्या एकामागून एक फौजांना मध्य भारतात पळवलं. ऑक्टोबरच्या अखेरीस नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरले. पेशव्यांच्या नावावर दक्षिण पेटेल ही इंग्रजांना वाटणारी सगळ्यात मोठी धास्ती त्या नर्मदेच्या घाटावर उभी होती. दक्षिण पेटली नाही. ते पुन्हा उत्तरेकडे वळले, लढाया हरत गेले, माणसं गळत गेली, आणि ७ एप्रिल १८५९ ला पाडोणच्या रानात झोपेत असताना सोबती मानसिंगानं त्यांना धरून दिलं. १८ एप्रिलला शिप्रीला, आजच्या शिवपुरीला, फाशी. फाशीच्या आधी त्यांनी दिलेली जबानी उपलब्ध आहे: मी केलं ते धन्याच्या हुकमानं केलं, लढाईबाहेर कुणा गोऱ्या माणसाला, बाईला, पोराला मी मारलं नाही. तात्यांचा आवाज आपल्याकडे एवढाच पोचला, तोही पकडणाऱ्यांच्या दप्तरातून.

म्हणून लँडफ्रीडचं शिंग मी ऐकतो तेव्हा मला ते दोन बाजूंनी ऐकू येतं. दरीतून जाणाऱ्या मुलाच्या बाजूनं, जो तेव्हा विशीत होता आणि ज्याला फसलेल्या हुकमानं मरणाकडे धाडलं. आणि बेतवाकाठच्या, तात्यांच्या थकलेल्या घोड्यांच्या बाजूनं, ज्यांच्या मागं त्याच रेजिमेंटचं शिंग वाजत आलं. दुसऱ्या बाजूचं दुःख मला रक्तानं जवळचं आहे. पहिल्याचंही आहे, आणि ते लपवायचं मला कारण दिसत नाही. गरीबखान्याच्या दारात मान खाली घातलेल्या म्हाताऱ्याला, तू कोणत्या छावणीतला, हे मी विचारू शकत नाही.

पण हे मात्र विसरता येत नाही, की त्याला निदान निधी मागता आला. आपल्याकडच्या त्या युद्धातून जे परत आले त्यांना परत आलो असं म्हणायचीही सोय नव्हती. कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ च्या रात्री २७ वी पलटण उठली. पकडलेल्यांतल्या अनेकांना देहान्त शासन झालं. मार्च १८५८ पासून बंडवाल्यांनी भरलेली जहाजं अंदमानला जाऊ लागली. रावसाहेब पेशवे वेष पालटून भटकत राहिले, १८६२ मध्ये पकडले गेले आणि त्याच वर्षी फासावर गेले. जे नाव नसलेले शिपाई हाती लागले नाहीत त्यांनी काय केलं असेल? भाला विहिरीत टाकला असेल, पलटणीतली कवायती चाल मोडून शेतकऱ्याची चाल पुन्हा शिकली असेल. जखम कशाची, तर बैलानं मारल्याची. लेकरांनी विचारलं तरी बैलानं मारल्याचीच. आपला बाप लढला होता हे ज्यांना कळलं नाही अशा मुलांच्या वंशात आज आपल्यातलं कोण कोण आहे, सांगता येणार नाही. पोवाडा वीराला मिळतो, वीरगळ मेलेल्याला मिळतो. यांना गप्प राहून जगण्याचं काम मिळालं, आणि त्यांनी ते पुरं केलं.

लँडफ्रीड १९०२ मध्ये वारला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. होव्हला त्याची कबर आहे. बालाक्लाव्हाची वार्षिक भोजनं १९१३ पर्यंत चालली. दर वर्षी खुर्च्या कमी होत गेल्या. पुढल्या वर्षी नवं युद्ध सुरू झालं आणि त्यातून परतलेल्यांची रांग लागली. सगळ्यात शेवटी राहिला एडविन ह्यूज. वेल्समधल्या रेक्सहॅमचा, सैन्यात जाण्याआधी जोडे शिवणारा, तेराव्या लाईट ड्रगून्सचा स्वार. त्या दरीत त्याचा घोडा गोळी लागून कोसळला आणि ह्यूज त्याच्याखाली सापडला. पाय दुखावला, पण जीव वाचला. तो नशीबवान निघाला. पुरी नोकरी केली, मुलीजवळ ब्लॅकपूलला राहिला आणि १९२७ मध्ये, शहाण्णव वर्षांचा होऊन गेला. स्वारीनंतर बहात्तर वर्षं तो जगला. लोक शेवटपर्यंत येत आणि त्या दिवसाविषयी विचारत.

मी असतो तर त्याला दुसरंच विचारलं असतं. सैन्य सोडल्यावर पहाटे जाग कशानं येई? जोडे शिवायला पुन्हा कधी बसलास का, आणि बसलास तेव्हा हात तसाच चालला का? पाय कुठल्या ऋतूत दुखायचा? मुलीला यातलं काय सांगितलंस आणि काय सांगितलं नाहीस? आणि तुझ्या अंगावर कोसळून जो मेला, त्या घोड्याचं नाव काय होतं?